इच्छेचा रकाना

कल्पना मोरिताला जपानी वाचता येतं, ही गोष्ट तोक्योतल्या ओजिमाच्या त्या सरकारी वसाहतीत चौदा वर्षांत कुणाच्या ध्यानातच आली नव्हती. बोलता येतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. वाचण्याचं कुणी विचारलं नाही आणि तिनंही कधी दवंडी पिटली नाही. इमारतीच्या फळ्यावर नोटीस लागली, की तिसऱ्या मजल्यावरच्या बाई लिफ्टनं खास आठव्या मजल्यावर यायच्या आणि हातवारे करून सांगायच्या, "मोरिता-सान, उद्या पाणी! पाणी नाही!" कल्पना वाकून आभार मानायची. ती नोटीस तिनं सकाळीच वाचलेली असायची, त्यातली तारीख चुकलीय हेही तिला दिसलेलं असायचं. पण सांगणारीच्या तोंडावर एवढा आनंद, तो कशाला घालवा?

वाचायला ती शिकली लाँड्रीत. इस्पितळांच्या चादरी, खानावळींचे टॉवेल, प्रत्येक गाठोड्यावर हातानं खरडलेली चिठ्ठी. छापील वाचणाऱ्याला घाम फुटावा असं अक्षर. नऊ वर्षं त्या चिठ्ठ्या पाहून पाहून ती तयार झाली. मुकादमाचं अक्षर तर तिच्याशिवाय कुणालाच लागायचं नाही, त्याचं त्यालासुद्धा. एकदा त्यानं स्वतःचीच चिठ्ठी तिच्यापुढं धरली आणि विचारलं, "मी काय लिहिलंय?" तिनं सांगितलं. तरी तो इतरांना म्हणाला, "तिला वाचता येत नाही हो, ती आकार ओळखते." आता आकार ओळखणं आणि वाचणं यात फरक काय, हे त्याला कोण विचारणार!

ती मूळची चिंचवडची. एका कारखान्यात टायपिस्ट होती, तिथं मोरिता नावाचा अबोल इंजिनिअर यंत्र बसवायला आला. तीन महिन्यांचं काम त्याला आठ महिने पुरलं, आणि ते का पुरलं हे त्या यंत्राखेरीज सगळ्यांना कळलं होतं. लग्न झालं, ब्याऐंशी साली ती तोक्योत आली, शहाऐंशीत दुर्गा झाली. त्र्याण्णव साली एका सकाळी मोरिता स्टेशनच्या जिन्यावर दम खायला बसला, तो उठलाच नाही. त्यानंतर घरात दोघी मायलेकी आणि तिसरा थकवा. सकाळी सात ते पाच इस्त्री, आठवड्यातल्या तीन संध्याकाळी एका दातांच्या डॉक्टरकडं साफसफाई. घरी आली की बूट काढायलासुद्धा ती खाली बसायची आणि बसलेलीच राहायची. दुर्गा आतून जपानीत हाक मारायची, "आई, आलीस ना? मग आत ये की." कल्पना मराठीत म्हणायची, "येते गं, पाय येऊ देत आधी."

अशा घरांतल्या मुलांसाठी वॉर्डातल्या काही भल्या माणसांनी एक मंडळ काढलं होतं. नाव 'नात्सु-नो-सातो', म्हणजे उन्हाळ्यातलं गाव. ज्यांना आई किंवा बापच नाही, ज्यांच्या घरी सुट्टीत कुठं जायची ऐपत नाही, अशा मुलांना उन्हाळ्यात दहा दिवस नागानोच्या डोंगरातल्या एका खेड्यात न्यायचं आणि एकेका शेतकऱ्याच्या घरी एकेक मूल ठेवायचं. दुर्गा दोन वर्षं जाऊन आली होती. दोन्ही वर्षं एकाच घरी, साकाई नावाच्या म्हातारीकडं. परत आल्यावर तीन आठवडे घरात दुसरा विषय नसायचा. ओबाआसान, म्हणजे आजीबाई, काकड्या ओढ्यात बुडवून गार करते. ओबाआसानची शेळी टोपी खाते. ओबाआसान घोरायला लागली की बेडूक गप्प होतात. कल्पना भाजी चिरता चिरता ऐकायची. आपण न दिलेलं सुख दुसऱ्या कुणीतरी दिलं की आईला बरंही वाटतं आणि कुठंतरी टोचतंही. थकलेल्या माणसाला टोचणी जरा कमी लागते, एवढाच काय तो फायदा.

शहाण्णवच्या जूनमध्ये मंडळाला हात कमी पडले म्हणून कल्पना शनिवारी दुपारी मदतीला जाऊ लागली. कारभार नेमोतो-सान पाहायचे. निवृत्त पोस्टमास्तर. माणूस इतका सज्जन, की पाऊस आला तरी स्वतः माफी मागायचे. त्यांनी तिच्यापुढं कागदांचे दोन गठ्ठे ठेवले. एकात मुलांची कार्डं, फोटो लावलेली. दुसऱ्यात गावच्या घरांचे अर्ज. घर आणि मूल यांच्या जोड्या त्यांनी आधीच लावून ठेवल्या होत्या.

"मोरिता-सान, सारखे क्रमांक पाहून नुसते टाचा. वाचायची काही गरज नाही. आकडे तर आकडेच असतात," ते मायेनं म्हणाले आणि चहा करायला गेले.

अर्जाच्या शेवटी एक रकाना होता, 'इच्छा'. पहिल्या घरानं लिहिलं होतं, 'मुलगी, मांजराला न भिणारी.' दुसऱ्यानं, 'बेसबॉल खेळणारा मुलगा.' कल्पना मनाशी हसली. तिसरा अर्ज होता, 'शक्य असल्यास जपानी मूल. घरात वयस्कर माणसं आहेत.' पुढं एक, 'परदेशी दिसणारं नको, शेजारी बोलतात.' सात नंबरच्या, कितागावा नावाच्या घरानं तर ब्रशनं लिहिलं होतं, भिंतीला लावावं असं अक्षर: 'कोणतंही मूल चालेल. फक्त चेहरा आपल्यासारखा असावा.' सत्तावीस घरांपैकी अशी अकरा घरं. आणि सर्वांत खाली साकाई-सान, पेन्सिलीनं, दोनच ओळी: 'जे उरेल ते. दरवर्षीप्रमाणे.'

त्याला टाचायचं कार्ड दुर्गाचं होतं.

त्याखाली आणखी दोन कार्डं नुसतीच पडली होती, त्यांना घर नव्हतं. एक वसाहतीतल्याच मारिसेलच्या जेनीचं, मारिसेल फिलिपिन्सची. दुसरं नव्या मुलीचं, नादिया, वय सहा, कुरळे केस, फोटोत पुढचे दोन दात नाहीत आणि तरी तोंडभर हसू. त्यांच्यावर नेमोतोंच्या अक्षरात होतं, 'पाहू.'

कल्पनानं काय केलं? सगळे टाचले. दुर्गाचंसुद्धा. शेवटी "दमलात हं तुम्ही," असं नेमोतो म्हणाले, तशी पद्धतच आहे तिकडं, आणि तीही तेच त्यांना म्हणाली आणि घरी आली.

रविवारी फुनाबोरीहून अनघा आली. तिचा नवरा स्वानंद सॉफ्टवेअरवाला, जानेवारीतच पुण्याहून आलेला. कोणत्या वारी कोणता कचरा, हे कल्पनानं तिला शिकवलं, तेव्हापासून ती दर रविवारी डब्यात पोहे घेऊन यायची. सगळं ऐकून ती उसळलीच.

"मग पाठवू नका ना! सिंपल आहे, कल्पनाताई."

"सिंपल आहे गं. तिला काय सांगू?"

"सांगा, या वर्षी कॅन्सल."

"शेजारच्या पोरी तिच्या वर्गात आहेत. त्यांच्या बॅगा भरायला लागल्यात."

अनघानं पोहे चिवडले. "स्वानंदला ऑफिसात सगळे 'स्वानंद-सान, स्वानंद-सान' करतात. आणि घर शोधताना चार एजंट म्हणाले, घरमालक घाबरतात. पाचव्यानं दिलं, तेही स्मशानाला लागून." मग म्हणाली, "पण खरं सांगू? पुण्यात आमचा फ्लॅट भाड्यानं द्यायचा होता, तेव्हा सासूबाई आधी आडनाव विचारायच्या. फोनवरच. मी शेजारी बसून भाजी निवडत होते."

"म्हणून तर झोंबलं मला," कल्पना म्हणाली. "अक्षर तेवढं परकं होतं. बाकी सगळं ओळखीचं."

तेवढ्यात आतल्या खोलीचं सरकतं दार सरकलं. दुर्गा गुडघ्यावर बसून सगळं ऐकत होती. मराठी तिला पुरतं कळायचं, फक्त उत्तर जपानीत यायचं.

"मला माहीत आहे ते," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"मी उरते ते." असं म्हणाली, जसं कुणी सांगावं की माझा वर्ग दुसऱ्या मजल्यावर आहे. "गावच्या शाळेच्या हॉलमध्ये आम्हाला उभं करतात. घरवाले येतात, नाव पुकारतात. शेवटी मी आणि जेनी राहतो. पहिल्या वर्षी खूप वेळ राहिलो. मग ओबाआसान आली, ढकलगाडी घेऊन. म्हणाली, उशीर झाला, आता कोण राहिलंय? दोघींनाही घेऊन गेली."

"मला का नाही सांगितलंस गं?"

दुर्गानं बुटांच्या जागेकडं पाहिलं. "तू तिथं बसलेली असतेस ना रोज. कधी सांगायचं?"

अनघा उगाच डब्याचं झाकण लावत राहिली.

"तू त्यांना काही बोलू नकोस," दुर्गा म्हणाली. "बोललीस तर सगळं बदलेल. मग मला ओबाआसान मिळणार नाही. मला तिथंच जायचंय."

बाई चार दिवस इस्त्री फिरवत होती आणि मनात हेच. गप्प बसावं, तर पोरीचं सुख जागच्या जागी राहतं. पोरीनं तर आपल्यापुरतं मिटवूनही टाकलंय, दहा वर्षांच्या पोरीनं. पण त्या दोन दात पडलेल्या नादियाचं काय? ती त्या हॉलमध्ये उभी राहील, एकेक नाव पुकारलं जाईल, आणि सहाव्या वर्षी तिला एक गोष्ट कळेल जी परत विसरता येत नाही. बरं, म्हातारी तरी किती उरलेली गोळा करणार? चौथ्या दिवशी एक चादर जळली. नऊ वर्षांत पहिली. त्या संध्याकाळी ती नेमोतोंकडं गेली.

"नेमोतो-सान, अर्जातला शेवटचा रकाना काढून टाका."

"कोणता रकाना?"

"इच्छेचा."

नेमोतोंनी चष्मा काढला. "तुम्ही... वाचलंत?"

"वाचलं. सात नंबरवाल्यांचं अक्षर फार सुंदर आहे."

पोस्टमास्तरांचे कान लाल झाले. ते उठून कमरेत वाकले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले. शेवटी कल्पनालाच म्हणावं लागलं, "बसा हो, तुमच्या पाठीला त्रास होईल."

"ती माणसं वाईट नाहीत, मोरिता-सान."

"ठाऊक आहे. वाईट असती तर परक्याची पोरं घरात घेतली नसती. म्हणून तर बोलायला आले."

"रकाना काढला तर घरं कमी होतील. घरं कमी झाली तर काही मुलं इथंच राहतील, आठव्या-नवव्या मजल्यावर, पंख्यासमोर, उन्हाळाभर. मी कोणत्या मुलाला 'नाही' म्हणू, तुम्हीच सांगा."

हा माणूस खोटं बोलत नव्हता, हीच अडचण. ती म्हणाली, "मला नाही माहीत. पण आत्तासुद्धा 'नाही' म्हटलं जातंच आहे, दर वर्षी त्याच पोरींना."

"तसं कुणी म्हणत नाही हो त्यांना."

"म्हणत नाही. हॉलमध्ये उभं करतं."

नेमोतोंनी दोन कप चहा संपवला, तिसरा ओतला आणि तसाच ठेवला. मग हळूच विचारलं, "मग घरं ठरवायची कशी?"

"अमिदानं."

हे ऐकून ते पहिल्यांदा हसले. अमिदा म्हणजे तिकडली चिठ्ठ्या टाकायची रीत. कागदावर उभ्या रेघा ओढायच्या, त्यांच्या मधेमधे शिडीच्या पायऱ्यांसारख्या आडव्या. वरून आपली रेघ धरून खाली उतरत यायचं, पायरी लागली की वळायचं, आणि जिथं पोचाल ते तुमचं नशीब. नेमोतोंच्या टपाल कचेरीत नवीन वर्षाच्या दिवशी कामावर कोण, हे तीस वर्षं अमिदानंच ठरत होतं. "आणि तीस वर्षांत अकरा वेळा मीच!" ते म्हणाले.

गावाला पत्रं गेली. यंदा तब्येत आणि पथ्यपाणी सोडून कोणतीही इच्छा विचारात घेता येणार नाही. आठ दिवसांत पाच घरांनी विनयानं माघार घेतली. कुणाची सून बाळंत होणार होती, कुणाचं छप्पर गळत होतं, तीन घरांत तर एकाच आठवड्यात गुडघे दुखायला लागले. गावच्या देवळातल्या भिक्षूंनी चार मुलं ठेवून घेतली, साकाई-सान दोन घेते म्हणाल्या, आणखी दोन घरांनीही दोन-दोन कबूल केली. कसंबसं जमलं. सात नंबरच्या घरानं माघार घेतली नाही. का नाही, ते त्यांनाच ठाऊक.

अमिदाच्या दिवशी सभागृहात लांबलचक कागद पसरला. प्रत्येक मुलानं एकेक आडवी रेघ आपल्या हातानं ओढायची होती. पोरांचा नुसता कल्लोळ. दुर्गा मात्र पेन घेऊन उभी राहिली. सगळ्यांचं झाल्यावर तिनं एक रेघ ओढली, इतकी दाबून की कागद फाटला. मग बोटं उतरू लागली. नादिया तांदूळवाल्यांच्या घरी पोचली आणि टाळ्या पिटू लागली. साकाई ओबाआसानच्या वाट्याला आली बॅट खांद्यावर टाकून हिंडणारी दोन दांडगी पोरं; त्यांच्यापुढं शेळीचं काय होणार, देव जाणे. दुर्गाचं बोट वळत वळत आलं आणि सातावर थांबलं. कितागावा.

दुर्गाला त्या घरानं काय लिहिलंय ते माहीत नव्हतं. तिला एवढंच कळलं की ही ओबाआसान नव्हे. ती आईजवळ आली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "तूच सांगितलंस ना हे करायला. आता तूच बदल."

आणि खरोखर, नेमोतो-सान मागून आले. तोंडावर हात धरून पुटपुटले, "सात नंबर... मला आठवतंय. बदलून देऊ का? कागद माझ्याकडंच राहतो, कुणाला कळणार नाही."

कल्पनाच्या ओठांवर 'हो' आलं होतं. एक वाकणं, एक आभार, की पोर पुन्हा म्हातारीच्या दारात. तिचे पाय दुखत होते. समोर लेक टक लावून पाहत होती, आणि पलीकडं नादिया अजून उड्या मारत होती.

"नको," ती म्हणाली. "असू दे तसंच."

दुर्गा घरी येईपर्यंत चार पावलं पुढंच चालत राहिली. बॅगही तिनं आईला भरू दिली नाही. निघायच्या सकाळी बसच्या काचेआडून सगळ्यांची पोरं हात हलवत होती, हिनं फक्त कपाळ काचेला टेकवलं. कल्पना लाँड्रीत उशिरा पोचली आणि दिवसभर तिच्या मनात एकच: आपण न्याय मागितला आणि बिल लेकीच्या नावानं फाडलं.

पाचव्या दिवशी संध्याकाळी सहा ते सात मुलांनी घरी फोन करायचा, असा नियम होता. तिनं त्या दिवशी दातांच्या डॉक्टरांना येत नाही म्हणून कळवलं होतं. पावणेसातला फोन वाजला, तेव्हा ती बूट काढायला नुकतीच टेकली होती. तशीच एका पायात बूट घालून धावली.

"जेवलीस का गं?"

"अजून नाही. इथं सातला जेवतात."

"माणसं कशी आहेत?"

"आजोबांनी पहिल्या दिवशी विचारलं, तू कुठली? म्हटलं, ओजिमा. म्हणाले, तसं नव्हे, खरी कुठली? म्हटलं, ओजिमा सहा-चोमे. ब्लॉकसुद्धा सांगितला."

"मग?"

"दुसऱ्या दिवशी परत विचारलं. परत तेच सांगितलं. आज नाही विचारलं."

कल्पनानं रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. "आणि त्या घरच्या बाई?"

"पहिले दोन दिवस फार हसायच्या. सारखं, हे आवडतं का, ते आवडतं का. केसांना हात लावून बघायच्या. आता नाही हसत."

"का? काय झालं?" कल्पनाचा आवाज चढला.

"काल आम्ही चिखलाच्या चपला घालून आत गेलो. काय ओरडल्या! तिघांनाही अंगणात उभं केलं. मला, त्यांच्या युकीला आणि तिच्या भावाला. पाय धुवायला लावले, ओटा पुसायला लावला. माझा कोपरा नीट पुसला नाही म्हणून परत पुसायला लावला."

परक्याच्या दारात आपली लेक उभी केली म्हणून चीड यावी, तर कल्पनाच्या कानात एकच शब्द राहिला: तिघांनाही.

"ओबाआसानकडं गेले होते सायकलवरून," दुर्गा सांगत होती. "शेळीनं बॅट चावली. ओबाआसान म्हणाली, यंदा घोरायला वेळच मिळत नाही." मग एकदम, "माझा राग आहे अजून तुझ्यावर."

"असू दे."

"खूप आहे."

"असू दे गं. घेऊन ये तसाच."

मागून कुणा पोरीचा लाडिक आवाज आला, दुर्गा-चान, दुर्गा-चान. "ठेवते. आंघोळीला माझा नंबर आहे."

आता तिकडं टब एकदा भरला की घरातली सगळी माणसं एकामागून एक त्याच पाण्यात उतरतात, आधी अंग धुऊन, एकेक; ज्याच्यामागून उतरायला नको वाटेल, त्याला शेवटी ठेवता येतं. चौदा वर्षं त्या देशात काढलेल्या बाईला हे सांगायला नको. तिच्या तोंडून निघूनच गेलं, "कितवा? शेवटचा?"

"आई!" दुर्गा वैतागली. "तिसरा. रोज हातानं दगड-कात्री करून ठरवतो. युकी लबाडी करते."

फोन ठेवला गेला. कल्पना तिथंच भिंतीला टेकून खाली बसली, एका पायात बूट तसाच. आपण असं का विचारलं, याची तिला लाज वाटत होती. आणि विचारल्याशिवाय राहवलं नसतं, हेही तिला ठाऊक होतं. थोड्या वेळानं तिनं बूट ओढून काढला आणि तांदूळ धुवायला उठली, एका माणसाचे.